बदामीला नेलेली वही

निवृत्त झाले त्या दिवशी शाळेनं शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. पुण्यात असणाऱ्या माझ्या मुलीनं एक वही दिली. घड्याळ दुसऱ्याच दिवशी भिंतीवर गेलं, शाल ट्रंकेत गेली, नारळाची चटणी झाली. वहीचं मात्र काय करायचं ते मला सहा महिने कळेना.

वही साधी नव्हती. तपकिरी चामड्याचं कव्हर, बांधायला दोरी आणि आत जाड, बिनरेघी पानं. मी पस्तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क होते. दाखले, हजेरीपत्रकं, जनरल रजिस्टर, सगळं आयुष्य रेघांवर आणि रकान्यांत लिहिलं. बिनरेघी पानावर माझी ओळ उजवीकडं वर चढत जाते, हे मला निवृत्तीनंतर समजलं.

"आई, हे ट्रॅव्हल जर्नल आहे," मुलगी म्हणाली. "आता तू फिरायचं आणि यात लिहायचं."

"काय लिहायचं?"

"जे दिसेल ते. रंग, वास, माणसं, तुला काय वाटलं ते. तिकिटं चिकटव, छोटी छोटी चित्रं काढ. आणि मनमोकळं लिही गं. कुणी वाचणार नाहीये."

मग तिनं रोज मोबाइलवर व्हिडिओ पाठवायला सुरुवात केली. त्यातल्या मुली कुठल्याशा डोंगरावर कॉफी पीत बसलेल्या असायच्या आणि रंगीत पट्ट्या चिकटवून पानं सजवायच्या. एक म्हणायची, पहिलं पान कोरं सोडा म्हणजे भीती जाते. दुसरी म्हणायची, पहिलं पान चुकूनही कोरं सोडू नका. तिसरीनं तर पानावर मुद्दाम चहा सांडला आणि वाळू दिला, म्हणे जुनं दिसतं. आमच्या ऑफिसात रजिस्टरवर चहा सांडला तेव्हा मला हेडमास्तरांना लेखी खुलासा द्यावा लागला होता.

शेवटी मुलीनंच तोडगा काढला. आधी सराव म्हणून आपल्याच गावात प्रवाशासारखं फिरायचं आणि लिहायचं. म्हणून एका सकाळी मी वही आणि पेन घेऊन सोलापूरच्या नव्या पेठेत गेले. एका कापड दुकानासमोर जरा सावली बघून उभी राहिले आणि लिहायला लागले. तीन ओळी झाल्या नसतील, तोवर शेजारच्या हातगाडीवाल्यानं गाडी मागं ओढायला सुरुवात केली. त्याचं बघून पुढच्यानं आपली ताडपत्री गुंडाळली. कापड दुकानातून एक जण लगबगीनं बाहेर आला.

"क्या लिख रहे मॅडम?" त्यानं विचारलं. मी काही बोलायच्या आत मराठीत आला, "अतिक्रमणाचं हाय का? ते साड्यांचे पुतळे आत्ता आत घेतो की. पाच मिन्टं द्या."

"अहो, मी सहज लिहितेय. प्रवासवर्णन."

"कुठला प्रवास?"

याला मी काय सांगणार? सात रस्त्याजवळून रिक्षानं आले, असं सांगणार? त्याला माझं काही पटलेलं नव्हतं हे उघड होतं, कारण मी निघाले तेव्हा दारातले दोन्ही पुतळे आत गेलेले होते. घरी येऊन वही उघडली. लिहिलं होतं: "सदर ठिकाणी गर्दी आढळून आली. दुकाने सुरू होती. हवामान स्वच्छ." वाचून मलाच माझी चीड आली. पस्तीस वर्षं दाखले लिहिणाऱ्या बाईच्या हातून दुसरं काय उतरणार!

तेव्हा मी ठरवलं, हे असं गावातल्या गावात जमणार नाही. खरोखरच कुठंतरी जायला हवं. बदामीचं नाव माझ्या डोक्यात फार वर्षांपासून होतं. सोलापुरातून सरळ गाडी जाते, सकाळी बसलं की दुपारी पोचवते. शाळेची सहल दोनदा गेली, दोन्ही वेळा मी ऑफिसात बसून सहलीची यादी टाइप केली. आता तीन दिवस, मी आणि माझी वही, एवढाच बेत होता. यजमानांना विचारलं, तर ते हात जोडून मोकळे झाले. एसटीचे ड्रायव्हर होते ते.

"तीस वर्षं स्टेअरिंग धरलं," ते म्हणाले. "आता मला खिडकीबाहेरचं काही दाखवू नको."

मला ते चाललं असतं. खरं सांगायचं तर मला ते हवंच होतं. पण दोन दिवसांनी जेवताना ते म्हणाले, "तिला ने की सोबत. लई इच्छा आहे तिची. मला म्हणाली, वहिनी नेतील का बघ."

तिला म्हणजे माझ्या नणंदेला. वन्सं माढ्याच्या पलीकडं एका खेड्यात असतात. घरी शेत, चार शेळ्या, नवरा आणि दोन सुना. माझ्याहून तीन वर्षांनी लहान. बाई वाईट नाहीत, पण त्यांचा आवाज असा की स्वयंपाकघरात बोलल्या तर गल्लीतला कुत्रा मान वर करतो. एखाद्या बाईची आयुष्यात कुठं जायची इच्छा आहे आणि तिनं भावाजवळ ती बोलून दाखवली, असं म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? मी ताटावरून उठले आणि 'बरं' म्हणाले. त्या 'बरं'मध्ये किती राग होता ते मला ठाऊक.

आदल्या दिवशी वन्सं आल्या त्या दोन नायलॉनच्या पिशव्या घेऊन. एकीत धपाटी, शेंगाची चटणी आणि लोणचं. दुसरीत कपडे आणि वरती पुन्हा धपाटी. सकाळी गाडीत बसलो. मी खिडकी धरणार, एवढ्यात वन्सं म्हणाल्या, "वयनी, तुमी हिकडं बसा. खिडकीत वारं लागतंय." आणि स्वतः खिडकीत बसल्या. बसल्या त्या बाहेर पाठ करून, माझ्याकडं तोंड करून.

होटगी मागं पडलं. मी वही काढली, दोरी सोडली आणि लिहिलं, "सदर दिवशी सकाळी..." तेवढं लिहून मी स्वतःलाच शिव्या घातल्या आणि 'सदर'वर काट मारली.

"काय लिवताय?" वन्संनी विचारलं.

"प्रवासाचं."

"अजून तर काय झालंच न्हाय की."

बाहेर तुरीची शेतं जात होती, मला ती वन्संच्या डोक्यावरून आणि खांद्यावरून तुकड्यातुकड्यांनी दिसत होती. मी मान लांब केली की वन्सं विचारायच्या, "काय होतंय का?" मी डोळे मिटले की विचारायच्या, "गरगरतंय का?" दर दहा मिनिटांनी पाण्याची बाटली माझ्यापुढं यायची. मी उठून बाथरूमकडं गेले तर ह्या मागोमाग आल्या आणि दाराबाहेर उभ्या राहिल्या. एवढंच नाही, आत मला ऐकू येईल अशा बेतानं हाका मारत राहिल्या, "वयनी, हायसा न्हवं?" सगळ्या डब्याला कळलं की एक वयनी बाथरूममध्ये आहे आणि अजून हयात आहे.

उरलेल्या वेळात शेळी. त्यांची एक शेळी गाभण होती आणि दिवस भरत आले होते. धाकट्या सुनेला त्या फोन लावायच्या, तो स्पीकरवर टाकायच्या आणि विचारायच्या, "कास भरली का? खाती का न्हाय? हिरवं टाकलं का?" रेंज गेली की पुन्हा लावायच्या. गाडी भीमेच्या पुलावर आली. मी पुलासाठी पेन उघडून तयार बसले होते. नेमका त्याच वेळी फोन लागला आणि मी भीमेऐवजी शेळीच्या शेपटीची हकिकत ऐकली.

तेव्हा माझ्या हातून पहिल्यांदा लिहिलं गेलं. 'सदर' नाही, 'आढळून आले' नाही. सरळ लिहिलं: "वन्संना आणायचं नव्हतं. ह्यांनी गळ्यात मारलं. खिडकी त्यांना पाहिजे पण बाहेर बघायचं नाही. विजयपूर यायच्या आत दहा धपाटी खाल्ली. ही बाई अशीच तीन दिवस बोलणार असेल तर मी परत येताना दुसऱ्या डब्यात बसेन." अर्धं पान कधी भरलं कळलं नाही. ओळ वर चढत गेली होती, तरी वाचायला बरं वाटत होतं. फार बरं वाटत होतं.

बदामीला पोचलो. लॉज स्वच्छ होतं, खोलीत दोन पलंग आणि खिडकीतून लाल डोंगराचा एक तुकडा दिसायचा. तासाभरानं लेणी बघायला निघालो. पायऱ्या चढताना मला धाप लागली. वन्सं चपला हातात घेऊन दोन-दोन पायऱ्या चढत होत्या, पण दर वळणावर थांबून माझ्याकडं बघत उभ्या राहायच्या. "बसा जरा," म्हणायच्या. मी मुद्दाम बसायची नाही. मग दहा पायऱ्यांवर खरंच बसावं लागायचं.

वरच्या मोठ्या लेण्यात मी खांबाला टेकून वही उघडली. समोर एवढी मोठी मूर्ती, खांबांवर नक्षी, बाहेर खाली तळं. मी लिहिलं, "मूर्ती भव्य आहे." पुढं काही सुचेना. दगड लाल होता. लाल म्हणजे कसा? विटेसारखा? वीट म्हटलं तर डोळ्यांपुढं वीटभट्टी येते. चिंचेसारखा? चिंच लाल नसते. व्हिडिओतल्या मुलीनं सांगितलं होतं, डोळे मिटा आणि ठिकाणाचा वास घ्या. डोळे मिटले. वटवाघळांचा वास आला आणि वन्संचा आवाज आला.

"वयनी! डोळं का झाकलं? चक्कर आली का?"

"नाही हो. विचार करतेय."

"चला की मग खाली. इतकं काय लिवायचं, दगुड तर हाय."

खाली तळ्याच्या पायऱ्यांवर बायका धुणं धूत होत्या. वन्सं त्यांच्यात जाऊन उकिडव्या बसल्या. त्या बायका कानडी बोलत होत्या, वन्सं मराठी. कुणाला कुणाचं काही कळत नसणार, पण पाच मिनिटांत सगळ्या हसत होत्या आणि एकीनं वन्संच्या हातातल्या बांगड्या फिरवून बघितल्या. तेवढ्यातही वन्संची नजर माझ्यावर होतीच. मी पाण्याच्या कडेला गेले की तिकडून ओरड यायची, "मागं व्हा!" मी लांब पायरीवर बसले आणि तळ्याबद्दल एक अक्षर न लिहिता वन्संबद्दल आणखी दहा ओळी लिहिल्या. त्यात त्यांच्या घोरण्याचा उल्लेख आगाऊच करून ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉजमध्ये गरम पाणी यायची वेळ ठरलेली होती. वन्संची अंघोळ आधीच झाली होती. मी वही पलंगावर टाकून अंघोळीला गेले. बाहेर आले तेव्हा वन्सं पलंगाच्या कडेला बसल्या होत्या, चष्मा नाकावर आणि वही मांडीवर. सातवीपर्यंत शिकलेल्या आहेत. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचत होत्या. मी दारातच थांबले. केसांतलं पाणी पाठीवरून गळत होतं आणि मला टॉवेल घ्यायचं सुचत नव्हतं.

त्यांनी पान संपवलं. वही मिटली, दोरी आधी होती तशी दोनदा गुंडाळली आणि उशीवर ठेवली.

"अक्षर लई झ्याक हाय तुमचं," त्या म्हणाल्या.

मी "अहो वन्सं, ते असंच..." असं काहीतरी बोलले, पण त्या पिशवी आवरायला लागल्या होत्या. रिक्षा सांगून ठेवली होती, पट्टदकल आणि ऐहोळे बघायला जायचं होतं. रिक्षात त्या एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला, मध्ये पाण्याची बाटली. कुणी ती कुणाकडं सरकवली नाही. पहिल्यांदा मला बाहेरचं सगळं मोकळं दिसत होतं. सूर्यफुलांचं शेत गेलं, मेंढ्यांचा कळप आडवा आला, एक नदी लागली. आणि मला त्यातलं काहीही लिहावंसं वाटेना. चिडायचं तर कुणावर, हेही कळेना. वही बॅगेत होती आणि मला तिची शिसारी आली होती. कुणी वाचणार नाहीये म्हणे!

अर्ध्या वाटेत वन्संचा फोन वाजला. या वेळी त्यांनी स्पीकर लावला नाही. ऐकून घेतलं, "बरं बरं, कोमट पाणी दे तिला," म्हणाल्या आणि ठेवला. मग मला न सांगता रिक्षावाल्याला सांगितलं, "शेळी व्याली, दादा. दोन करडं. एक पाट, एक बोकड." त्याला मराठी येत होतं की नाही देव जाणे, पण त्यानं आरशात बघून हसून मान हलवली. मला त्या क्षणी इतकं परक्यासारखं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाही रागच आला.

पट्टदकलची देवळं आम्ही अशी बघितली की एक देवळाच्या आत असेल तर दुसरी बाहेर. दुपारी एका खानावळीत जेवायला बसलो. ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, शेंगाची चटणी, म्हणजे दोनशेवर किलोमीटर येऊन पुन्हा घरचंच. वन्संनी भाकरी मोडली आणि ताटाकडं बघत म्हणाल्या, "सात हुती."

"काय?"

"धपाटी. धा न्हाय, सात. त्यातली दोन गाडीतल्या त्या समोरच्या पोरीला दिली. म्हंजे पाचच की. लिवायचं तर खरं लिवावं."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"आन घोरत न्हाय मी. रात्री तुमी घोरत हुता. मी जागीच हुती."

"चुकलं वन्सं."

त्या थोडा वेळ जेवल्या. मग त्यांचा घास हातातच राहिला. "आणायचं न्हवतं तर सांगायचं की, वयनी. मी काय म्हणली असती? मला तर यायचंच न्हवतं. गाभण जनावर टाकून कोण फिरायला येतंय?"

"पण तुमचीच इच्छा होती ना? तुम्हीच ह्यांना म्हणालात, वहिनी नेतील का बघ?"

"मी?" त्यांचा जुना आवाज परत आला. पलीकडच्या टेबलावरची माणसं वळली. "मी कवा म्हणली? दादाचाच फोन आला. म्हणला, वयनी एकटी जाती म्हणती, आयकत न्हाय. तिला बीपी हाय, चक्कर येऊन पडती. तिला सांगू नगं, पर तू सोबत जा, नजर ठेव. म्हणून आली मी. रातभर बघत हुती तुमचा श्वास चालतोय का न्हाय."

बीपीची गोळी मी घेते, पण चक्कर मला जन्मात एकदा आली, ती एका लग्नात, उपाशीपोटी, आठ वर्षांपूर्वी. खिडकीकडं पाठ करून बसणं, पाण्याची बाटली, बाथरूमच्या दारातल्या हाका, तळ्यावरची ओरड, सगळं माझ्यापुढं एकदम उलगडलं. मी दहा ओळींत ज्याची तक्रार केली होती ते सगळं त्यांना नेमून दिलेलं काम होतं. आणि शेळी तिकडं त्यांच्याविना व्याली होती.

"मला ते म्हणाले की तुमची फार इच्छा आहे," मी म्हटलं.

आम्ही एकमेकींकडं बघितलं. मग वन्संनी हात धुतले, फोन काढला आणि भावाला लावला. स्पीकर टाकला.

"दादा, तू वयनीला काय सांगितलं आन मला काय सांगितलं?"

पलीकडं टीव्हीवर क्रिकेटची मॅच चालू होती, ती चांगली स्पष्ट ऐकू येत होती. "हॅलो?" ते म्हणाले. "हॅलो? आवाज येत नाही. रेंज नाही वाटतं." आणि फोन बंद.

पुन्हा लावला तर बंद. खानावळीचा मालक आमच्याकडं बघत राहिला, कारण आम्ही दोघीही हसायला लागलो होतो. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मला तर नवऱ्याचा इतका राग आला होता की हात शिवशिवत होते.

रिक्षात बसल्यावर वन्सं म्हणाल्या, "काढा ती वही. दुरुस्ती करा."

मी 'दहा'वर एक रेघ मारली, वर 'पाच' लिहिलं आणि कडेला छोटी सही केली. शाळेत खाडाखोड केली की सही करावीच लागते, सवय आहे. वन्संना ती सही फार पसंत पडली. त्यांनी घोरण्याच्या ओळीवरही तशीच रेघ मारून सही करायला लावली. "वन्संना आणायचं नव्हतं" या ओळीपाशी मी पेन घेऊन थांबले. तिची दुरुस्ती कशी करायची? ते तर खरंच होतं.

"ती ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "पर खाली लिवा. वन्संलाबी यायचं न्हवतं."

मी लिहिलं. त्यांनी वाकून वाचलं आणि मान हलवली. ऐहोळ्यापर्यंत त्या बोलत होत्या, आणि तेही इतकं की मला पुन्हा डोकं दुखायला लागलं. सगळं मिटलं म्हणून त्यांचा आवाज काही कमी झाला नव्हता. पण परतीच्या गाडीत मला खिडकी मिळाली.

सोलापुरात घरी पोचलो तेव्हा यजमान ओट्यापाशी उभे होते. आमच्या स्वागतासाठी त्यांनी भात केला होता आणि तो खालून लागला होता.

"मग? बदामी बघितली का नाही?" त्यांनी विचारलं, जसं काही झालंच नाही.

आम्ही दोघी एकदम बोलायला लागलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पातेलं खरवडत. मग म्हणाले, "एकटीला सोडवत नव्हतं. सोबत यायला माझा पाय उचलत नव्हता. काय करू मग?"

"खरं सांगायचं," वन्सं म्हणाल्या.

"खरं सांगितलं असतं तर हिनं तुला नेलं असतं? आणि तू शेळी सोडून आली असतीस?"

ते खुर्चीत असे टेकून बसले की जणू घाटात गाडी सुखरूप चढवून आणलीय. त्या चेहऱ्यावर पातेलं आपटावंसं वाटत होतं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही आणि तो जळका भात त्यांनाच वाढला.

दुसऱ्या दिवशी मुलीचा व्हिडिओ कॉल आला. तिला जर्नल बघायचं होतं. मी एकेक पान कॅमेऱ्यासमोर धरलं. तिकीट एकच चिकटवलं होतं, तेही उलटं. चित्र एकही नाही. तिनं वाचलं आणि म्हणाली, "आई, यात बदामी कुठंय? सगळी आत्याच आहे. आणि मध्ये मध्ये तुझ्या सह्या का आहेत?"

तिला समजावून सांगायचा मला कंटाळा आला. त्या दुपारी मी जिद्दीनं बसले की निदान लेण्यांबद्दल एक पान लिहायचंच. आठवून आठवून दोन तास बसले. लिहिलं, "मूर्ती भव्य आहे." मग वही बंद केली आणि ज्वारी निवडायला घेतली.

महिना झाला असेल. एका सकाळी वन्संचा फोन आला. करडं उड्या मारायला लागली होती, त्याची सविस्तर हकिकत झाली. मी फोन कानापासून चार बोटं लांब धरून ऐकत होते. मग त्यांनी आवाज खाली आणला, म्हणजे इतरांच्या नेहमीच्या आवाजाएवढा केला.

"वयनी, मी समुद्र बगितला न्हाय अजून. जायचं का? दादाला इचारायचं न्हाय. तुमी आन मी ठरवायचं."

मी म्हटलं, "जाऊ."

"पर ती वही आणू नगा."

"वही येणार," मी म्हटलं. "एवढी मुलीनं दिलीय."

"व्हय?" त्या म्हणाल्या. "मग मीबी आणती. पोराची शंभर पानी पडली हाय घरात. बघू कोण कुणाचं काय लिवतंय ते."